घरमालक यावयाचे म्हणून

गेल्या महिन्यांत या पानावर आपण लोणचीं, मुरंबे व त्यांच्या बरण्या यांची साठवण पाहिली. या महिन्याचा विषय वरवर निराळा दिसला तरी तोहि साठवणीचाच आहे. परक्याची वस्तु आपल्याकडे असतां ती कशी सांभाळावी, आणि धनी पाहावयास आला म्हणजे ती त्याला कशी दाखवावी, हा तो विषय. भाड्याच्या घराइतकी मोठी परक्याची वस्तु आपल्यापैकीं बहुतेकांच्या हातीं आयुष्यांत दुसरी येत नाहीं.

आमचा पेठेंतला जुना वाडा पुनर्विकासासाठीं पाडला त्यास तीन वर्षें होऊन गेलीं. 'दीड वर्षांत नव्या जागेंत जाल' असें सांगण्यांत आलें होतें. नवी इमारत अजून दुसऱ्या मजल्याशीं थबकली आहे. तोंवर आमचें सात माणसांचें बिऱ्हाड कोथरुडांत एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यावर दुसरें बिऱ्हाड आहे, आणि मालक नाशकास असतात. आमच्या मामंजींचें वय चौऱ्याऐंशीं. डोळ्यांना आतां फारसें दिसत नाहीं. पण खाटेपासून न्हाणीघरापर्यंतचीं बावीस पावलें त्यांना काळोखांतहि पाठ झालीं आहेत. घर बदलणें म्हणजे आम्हां इतरांना सामानाची बांधाबांध. त्यांना मात्र तीं पावलें पुन्हां पहिल्यापासून शिकणें आहे.

अशा स्थितींत मालकांचा निरोप आला : "करार संपावयास एक महिना राहिला. येत्या रविवारीं सकाळीं दहा वाजतां घर पाहून जाईन. मग पुढचें ठरवूं." निरोप सरळ होता, भाषा सौजन्याची होती. परंतु 'पुढचें ठरवूं' हे दोन शब्द त्या दिवशीं आमच्या घरांत प्रत्येकाच्या पानावर वाढलेले होते.

पूर्वीं वाड्यांतून असा प्रसंग सहसा येत नसे. मालक माडीवर, बिऱ्हाडकरू खालीं, आणि चौक सर्वांचा. मालकीणबाई दळणाला निघाल्या तरी जातां जातां त्यांची नजर आपल्या मोरीवरून फिरून जाई. भिंतीचा पोपडा पडला तर तो त्यांना आपल्या आधीं ठाऊक असे. भांडणें होत, पण अनोळख नसे. आतां मालक दुसऱ्या गांवीं, कित्येकदां दुसऱ्या देशांत असतो आणि वर्षा-दोन वर्षांनीं एकदां येतो. त्यामुळें त्याची भेट म्हणजे परीक्षा होऊन बसली आहे.

या अविश्वासाला कायद्याचाहि इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण धरलें. भाडेकरूंना त्यानें मोठा आधार दिला हें खरें. पण महागाई वाढत गेली, भाडें तेथेंच राहिलें, आणि पुष्कळ मालकांनीं डागडुजीवरचा हात काढून घेतला. पुढें १९७३ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, त्या वर्षींच्या १ फेब्रुवारीस जे लोक केवळ परवान्यानें राहत होते, त्यांना भाडेकरूंचे हक्क मिळाले. 'आज राहावयास दिलें तर उद्यां परत मिळेल ना?' ही मालकांची भीति तेव्हांपासून अधिकच मुरली, आणि अकरा महिन्यांच्या करारांची रीत रूढ झाली. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असें ठरविलें. तरीहि जुनी भीति दोन्ही बाजूंस उरली आहे. मालकाला वाटतें, हे घर बिघडवितील; बिऱ्हाडकरूला वाटतें, हे आपल्याला घालवितील. भेटीच्या दिवशीं या दोन भीति एकमेकींसमोर बसून चहा पितात.

आमच्या घरींहि त्या भीतीनेंच कामाला सुरुवात झाली. दोष तीन होते. न्हाणीघराबाहेरच्या हात धुण्याच्या कुंडीला पुतण्याच्या हातून तांब्या पडून तडा गेला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोडणीच्या तेलाचे थर बसले होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे मामंजींच्या खोलींतील आंतल्या भिंतीला परातीएवढी ओल धरली होती. तिच्यावर लोणा फुलला होता आणि रंगाचे पोपडे सुटत होते. भावजी म्हणाले, "खरवडून वरून रंगाचा हात देऊं, रविवारपुरतें निभावेल." जाऊबाईंनीं याहून सोपा उपाय सुचविला : कोपऱ्यांतलें लोखंडी कपाट चार हात सरकवून ओलीच्या पुढें आणावें. खरें सांगावयाचें तर मलाहि तो पटला. कपाटाच्या एका बाजूस मीं हात लावलाहि होता.

सासूबाई खाटेवर वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तें कपाट तिथेंच राहूं दे. भिंत त्यांची आहे. ती त्यांना दिसली पाहिजे." भावजी म्हणाले, "आई, आणि त्यांनीं घर सोडा म्हटलें तर?" सासूबाईंनीं वात पुरी केली आणि मग उत्तर दिलें : "सोडूं. पण झांकून राहिलों, तर रोज तें कपाट उघडतांना मला त्यांची आठवण होईल."

त्यानंतर त्यांनीं वही मागितली व तीन रकाने आंखावयास सांगितले : आपण बिघडविलेलें, काळानें बिघडलेलें, आणि ज्याचें कारण ठाऊक नाहीं असें. ही तीन रकान्यांची वही मला इतकी उपयोगी वाटली कीं ती प्रत्येक भाड्याच्या घरांत असावी असें मी म्हणेन.

पहिल्या रकान्यांत कुंडीचा तडा, खिळ्यांचीं भोंकें व तेलाचे थर आले. हें सारें मालक येण्यापूर्वीं आपल्या खर्चानें नीट करावयाचें. कुंडी त्याच जातीची, त्याच मापाची बसवावी. अधिक भारी बसवून उपकार करूं नयेत. भोंकांत पुट्टी भरून ती वाळल्यावर घासावी. भिंतीच्या गुळगुळीत फरशांवरचें तेल धुण्याचा सोडा घातलेल्या ऊन पाण्यानें सुटतें. मात्र हातमोजे घालावे.

येथें दोन सूचना अवश्य ध्यानांत ठेवाव्या. नळांवरचे व कांचेवरचे पांढरे क्षार लिंबानें किंवा व्हिनेगरनें जातात. म्हणून पुष्कळजणी तोच प्रयोग जमिनीवर करितात. परंतु शहाबादी फरशी व संगमरवर हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आम्लानें त्यांचा पृष्ठभागच खाल्ला जातो व झळाळी कायमची जाते. तेथें साधा साबण व पाणीच बरें. दुसरी सूचना जिवाची आहे : शौचकूप धुण्याचें आम्ल आणि कपडे पांढरे करण्याचें ब्लीच हीं कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो, आणि दार लावलेल्या लहानशा न्हाणीघरांत तो घातक ठरूं शकतो. पाहुणा येण्याच्या घाईंतच अशा चुका होतात.

दुसऱ्या रकान्यांत फिकटलेला रंग, ऊन-पावसानें फुगलेली खिडकीची चौकट, झिजलेला उंबरठा हीं आलीं. यांबद्दल बिऱ्हाडकरूनें ओशाळें होण्याचें कारण नाहीं. घर वापरलें म्हणजे झिजणारच. पायतणें झिजलीं म्हणून चालणारा दोषी होत नाहीं. या गोष्टी स्वच्छ पुसून ठेवाव्या व जशाच्या तशा दाखवाव्या.

खरी विचारपूस तिसऱ्या रकान्याला लागते. आमच्या ओलीचें कारण शोधण्यास पांच दिवस मिळाले, ते आम्हीं कामीं लावले. प्रथम प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा ओलसर भिंतीवर चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें घट्ट बसविला व दोन दिवस तसाच ठेवला. थेंब जर तुकड्याच्या बाहेरच्या अंगास धरले, तर ती खोलींतल्या दमट हवेची ओल. खिडक्या उघड्या ठेवून व ओले कपडे आंत वाळत न घालून ती पुष्कळ कमी होते. थेंब आंतल्या अंगास धरले, तर पाणी भिंतींतूनच येत आहे. आमच्याकडे ते आंतल्या अंगास निघाले. मग ऋतूचा विचार केला. पावसाळ्यांतच वाढणारी ओल बहुधा गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतींतून येते. भर वैशाखांतहि जी तितकीच राहते ती न्हाणीघराच्या फरशीची वा भिंतींत पुरलेल्या नळाची असण्याचा संभव अधिक. आमची ओल उन्हाळ्यांत हटली नव्हती, आणि तिच्या नेमकें वर वरच्या बिऱ्हाडाचें न्हाणीघर होतें. वहींत आम्हीं एवढेंच लिहिलें : "पाणी वरून येत असावें, वरचें न्हाणीघर तपासावें लागेल." वरच्या मंडळींनाहि रविवारपूर्वीं जाऊन सांगितलें. मालकांसमोर शेजाऱ्यांवर एकाएकीं बोट दाखविणें शोभलें नसतें.

अशा ओलीवर रंग लावणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय. पाणी आंतून येतच राहतें, क्षार बाहेर ढकलले जातात, आणि महिन्या-दोन महिन्यांत नवा रंगहि फोड येऊन सुटतो.

कागदपत्रेंहि एका ठिकाणीं असावीं. कराराची प्रत, भाडें पोंचल्याच्या नोंदी, विजेचीं बिलें, आणि घरांत शिरतांना घेतलेली पंखे, दिवे, नळ व किल्ल्या यांची यादी. शिरतांनाच प्रत्येक खोलीचीं तारखेसह छायाचित्रें काढून त्यांचा एक संच मालकांना पाठवावा, म्हणजे पुढें वादच उरत नाहीं. मालकांना घर पाहण्याचा हक्क आहे; मात्र आधीं सूचना देऊन व योग्य वेळीं, असें १९९९ चा कायदाच सांगतो. घर चांगल्या दुरुस्त स्थितींत ठेवण्याचें कर्तव्यहि तो मालकावर टाकतो. पंधरा दिवसांची नोटीस देऊनहि मालकानें तें केलें नाहीं, तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यांतून वळता करतां येतो. पण एका वर्षांत त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नव्हे. परवान्यानें राहणाऱ्यांनीं मात्र आपल्या करारांत दुरुस्तीविषयीं काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें. हे हक्क ठाऊक असावे. पण पहिल्या चहाबरोबर ते काढूं नयेत.

शनिवारीं मीं आणखी एक काम केलें, आणि तें मात्र वहीला न विचारतां. देवघराच्या कोनाड्याच्या माथ्यावर जुन्या काजळीचा काळा पट्टा होता. आम्ही राहावयास आलों तेव्हांपासूनचा तो. मीं तो घासून काढला आणि वरून पांढऱ्या रंगाचा हात दिला. कोनाडा लख्ख दिसूं लागला. मला मोठें समाधान वाटलें.

रविवारीं दहाला पांच मिनिटें असतांना मालक आले. वय पासष्टीच्या घरांतलें, हातांत कापडी पिशवी. सासूबाईंनीं घरांत जें रोज होतें तेंच केलें होतें : पोहे आणि चहा. मुलांना मुद्दाम नवे कपडे घातले नव्हते, 'पाहुण्यांना श्लोक म्हणून दाखव' हेंहि कोणी म्हटलें नाहीं. भावजींनीं वही पुढें ठेवली. मालकांनीं चष्मा लावून तीन्ही रकाने वाचले. कुंडीची ओळ वाचून ते म्हणाले, "हें तुम्ही सांगितलें नसतें तर मला कळलें नसतें." मग ते मामंजींच्या खोलींत गेले.

ओलीसमोर ते पुष्कळ वेळ उभे राहिले. नंतर त्यांचें लक्ष हातभर अंतरावरील विजेच्या बटणांच्या बोर्डाकडे गेलें, आणि त्यांचा चेहरा बदलला. "वहिनी, हें बटण कोणी वापरतें काय?" त्यांनीं विचारलें. मीं सांगितलें कीं मामंजींच्या रात्रीच्या दिव्याचें तेंच आहे. त्यांनीं तेथल्या तेथें मुख्य कळ बंद करावयास लाविली आणि वायरमनला बोलावून घेतलें. त्यानें बोर्ड उघडला तेव्हां आंतल्या जोडांवर गंज चढलेला होता आणि पेटीच्या तळाशीं पाण्याचे थेंब होते. त्यानें सहज विचारलें, "याच्यापुढें लोखंडी कांहीं ठेवलें नव्हतें ना?"

आम्ही कोणीच बोललों नाहीं. मामंजी पहाटे खाटेवरून उठतांना ज्या कपाटाला धरून उभे राहतात तें लोखंडी कपाट, ओल्या भिंतीला आणि त्या बोर्डाला टेकवून ठेवण्याचा बेत आम्हीं पांच दिवसांपूर्वीं केला होता. जाऊबाईंनीं माझ्याकडे पाहिलें, आणि आम्हां दोघींची नजर खालीं गेली.

म्हणून वाचकांना एवढें आग्रहानें सांगावेंसें वाटतें कीं ओल आणि वीज यांचा शेजार दिसला, तर मालकांच्या भेटीची वाट पाहूं नये. मुख्य कळ बंद करून जाणत्या माणसास त्याच दिवशीं बोलवावें. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ घरांत आहे कीं नाहीं तेंहि पाहावें. माणसाच्या संरक्षणासाठीं ती सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीची बसवितात. तिच्यावरचें तपासणीचें बटण अधूनमधून दाबून ती पडते याची खात्री करावी. त्याच वेळीं गॅसच्या नळीवर छापलेली मुदतहि वाचावी. पाहुण्यांसाठीं घर पाहावयाचेंच, तर तें आपल्या माणसांसाठींहि एकदां पाहून होतें.

वायरमन काम करीत असतां मालक स्वयंपाकघरांत आले व देवघराच्या कोनाड्यापाशीं थांबले. त्यांनीं माथ्यावरून बोट फिरविलें. नव्या रंगाची किंचित् भुकटी बोटाला लागली. "इथें आईच्या समईची काजळी होती," ते म्हणाले. आणि लगेच, मला वाईट वाटूं नये म्हणून, "छान स्वच्छ ठेवलें आहे तुम्हीं," असें बोलून बाहेर गेले.

त्या वेळीं मला काय वाटलें तें लिहीत नाहीं. मीं क्षमा मागितली, तेव्हां ते हंसले व म्हणाले, "तुम्हांला कसें ठाऊक असणार?" खरेंच; ठाऊक नव्हतें. पण विचारतां आलें असतें. तेल व काजळी हीं दोन्ही मला मळच दिसलीं. तेल आमच्या फोडणीचें होतें. काजळी त्यांच्या आईच्या चाळीस वर्षांच्या संध्याकाळांची होती.

वरचें न्हाणीघर पुढल्या पंधरवड्यांत उकरून नीट झालें, तो खर्च मालकांनीं केला. भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंगास हात लावूं नका, असें त्यांनींच बजाविलें. करार वाढला, भाडेंहि थोडें वाढलें, आणि तें आम्हांस रास्त वाटलें. मामंजींचीं बावीस पावलें होतीं तशींच राहिलीं.

घरमालक यावयाचे म्हणून घर आवरावें, धुवावें, आपण मोडलेलें जोडावें. त्यांत कसूर नको. पण आवरणें आणि झांकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि धुणें व पुसून टाकणें याहि. जें बिघडलें आहे तें धन्याला दिसूं द्यावें. आणि जें आपलें नाहीं तें पुसण्यापूर्वीं एकदां विचारावें. सासूबाईंना हें विचारल्यावर त्या म्हणाल्या, "यांत नवीन काय आहे? ठेव परत करतांना मोजून द्यावी लागते, आणि कमी पडली तर सांगावी लागते." आमच्या वहीला आतां चौथा रकाना आहे. त्याचें नांव 'विचारल्याशिवाय हात लावूं नये'. त्यांत पहिली नोंद मीं माझ्या हातानें केली आहे.

सध्यां त्या कोनाड्यांत आमची समई असते. संध्याकाळीं ती लावतांना मी वर पाहतें. पांढऱ्या रंगावर अंगठ्याएवढा काळसर डाग हळूहळू धरूं लागला आहे. तो मीं पुसलेला नाहीं.